इंजिनाचा ताप आणि ट्रकचा मेंदू

वैशाखांत नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें लातुरास जातांना, केबिन पुढें कलती करून कडेला उभा असलेला एखादा ट्रक दृष्टीस पडणें नवलाचें नाहीं. लातूरची डाळ व सोयाबीन, नांदेडचीं केळीं व कापूस यांची ने-आण अशाच ट्रकांवर चालते. आणि पुष्कळ ट्रकांमागें कर्जाचे हप्ते फेडणारें एखादें कुटुंब असतें. ट्रक चार दिवस अडला कीं त्या घराचा हिशेब कोलमडतो. म्हणून हा विषय केवळ मिस्त्रींचा नव्हे, असें आम्हांस वाटतें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा जोरानें दाबली कीं ती अतिशय तापते व तींत फवारलेलें डिझेल आपोआप पेटतें. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जर्मनींत हें यशस्वी करून दाखविलें. पुढें दीर्घकाळ हें यंत्र लोखंडाचेंच राहिलें. परंतु धुराविषयींचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ देशभर लागू झाला. आतां डिझेल किती व कोणत्या क्षणीं फवारावयाचें, हें एक लहानशी इलेक्ट्रॉनिक पेटी ठरविते. ती ट्रकचा मेंदू, आणि जागोजागचे सेन्सर हीं तिचीं ज्ञानेंद्रियें होत.

हा मेंदू मात्र भट्टीशेजारीं राहतो. भरलेला ट्रक चढ चढत असतां इंजिनाबाहेर पडणारा धूर पांचशें अंश सेल्सिअसच्याही वर तापूं शकतो. उलट मोटारींसाठीं बनविलेल्या पुष्कळ इलेक्ट्रॉनिक भागांची मर्यादा १२५ अंशांची असते. कांहीं कपॅसिटरांत द्रव असतो. तपमान दहा अंशांनीं वाढल्यास त्यांचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. डाग दिलेले जोड तापून फुगतात, निवून आकसतात व कालांतरानें त्यांस बारीक चिरा पडतात. अशी गाडी तापल्यावर बंद पडते, निवल्यावर मुकाट्यानें चालूं लागते. मिस्त्री येतो तेव्हां सर्व ठीक! मग निष्कारण एकामागून एक महाग भाग बदलले जातात.

घातक क्षण पुष्कळदां धांवतांनाचा नसून थांबल्यानंतरचा असतो. धांवतांना वारा, पंखा व कूलंट उष्णता वाहून नेतात. इंजिन एकदम बंद केलें कीं हे तिन्ही थांबतात. लोखंडांतील उष्णता आसपास पसरते व कांहीं मिनिटें तेथील तपमान उलट चढतें. विस्तव ओढून घेतला तरी तापल्या तव्यावरची भाकरी करपते, तसेंच हें. म्हणून लांबच्या चालीनंतर इंजिन तीन-चार मिनिटें मंद चालूं ठेवून मगच बंद करावें. टर्बोसही त्यानें आराम मिळतो.

बाकीचे उपाय साधे आहेत. रेडिएटरच्या जाळींत कापसाचे तंतू, भुसा व धूळ अडकते. ती मऊ ब्रशानें व कमी दाबाच्या पाण्यानें वेळोवेळीं काढावी. त्यांत बोअरचें जड पाणी न घालतां ठरल्या प्रमाणाचें कूलंटच घालावें, नाहींतर आंत क्षार बसतो. समोरच्या जाळीवर शोभेच्या पाट्या लावून वारा अडवूं नये. सायलेन्सरच्या नळीवरील उष्णतारोधक पत्रा दुरुस्तीनंतर पुन्हा बसविला कीं नाहीं, आणि वायरी नळीपासून दूर बांधल्या आहेत कीं नाहींत, हें मालकानें स्वतः पाहावें.

यांपैकीं बहुतेक गोष्टींस पैसा थोडा व लक्ष फार लागतें. परंतु भाड्याच्या घाईंत ड्रायव्हरास तीं तीन-चार मिनिटें कोणी देत नाहीं. तीं त्यास द्यावयाचीं, हें घरच्या हिशेबाच्या वहीशीं बसणाऱ्यानेंच एकदां ठरवून टाकिलें पाहिजे.