पायापर्यंत न पोचलेले टपाल

१९७१ सालचा डिसेंबर महिना डोळ्यांपुढे आणा. ३ ते १६ डिसेंबर या काळात भारत-पाकिस्तान युद्ध चालू होते. समजा, बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यातल्या एका खेड्यातला जवान तेव्हा सीमेवर होता. घरी त्याची नऊ वर्षांची बहीण होती. तिसऱ्या वर्षी तिला पोलिओ झाला आणि उजवा पाय लुळा पडला. हे भाऊबहीण काल्पनिक आहेत; पण त्या काळी अशी घरे खेडोपाडी होती.

बहिणीने दादाला अंतर्देशीय पत्र लिहिले. पत्त्यात गावाचे नाव नाही. जवानाचा क्रमांक, नाव, पलटण आणि शेवटी ‘५६ ए. पी. ओ.’ एवढेच. लष्कराचा ठावठिकाणा गुप्त राहावा म्हणून ही पद्धत आहे. निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचा जादा आकार लागू झाला होता, तेही तिकीट तिने चिकटवले. पत्र गावच्या पेटीतून चिखलीला, तिथून एस. टी.ने मलकापूरला आणि पुढे रेल्वेने दिल्लीला गेले. दिल्लीच्या लष्करी टपाल केंद्रात कोणती पलटण कुठे आहे याची नोंद असते. तिथून ते खंदकातल्या दादाच्या हाती पडले.

शेकडो किलोमीटरवरच्या, ठिकाण न सांगितलेल्या माणसाला निरोप पोचला. परंतु त्याच मुलीच्या मेंदूने तिच्याच पायाला धाडलेला ‘ऊठ’ हा निरोप मात्र पोचत नव्हता. असे का व्हावे?

शरीराचे टपाल

आपल्या शरीरातही टपालखाते आहे. पाय उचलायचा असला की मेंदूतून निघालेला विद्युत-संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येतो. मज्जारज्जूच्या पुढच्या भागात मोठ्या चेतापेशींच्या रांगा असतात. ही जणू तालुक्याची टपालकचेरी. तिथल्या प्रत्येक पेशीतून एक लांब तंतू निघतो आणि थेट स्नायूपर्यंत जातो. मोठ्या माणसात कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. टोकाशी त्याला फाटे फुटतात व एकेक फाटा एकेका स्नायुतंतूला जोडलेला असतो. पोटरीत एका पेशीकडे हजारावर स्नायुतंतू असतात. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत मात्र जेमतेम दहावीस. म्हणून डोळ्याची हालचाल इतकी नाजूक होते.

पोलिओचा विषाणू नेमका या तालुका-कचेरीवर घाला घालतो. तो फार सूक्ष्म असतो. त्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे ३० दशलक्षांश. १९०८ साली व्हिएन्नात लँडस्टायनर व पॉपर यांनी या रोगाचे कारण विषाणू असल्याचे दाखवले. रोग्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि दूषित पाणी, अन्न किंवा न धुतलेले हात यांवाटे दुसऱ्याच्या तोंडात जातो. आतड्यात त्याची वाढ होते. बहुतेक मुलांना काहीच जाणवत नाही. काहींना दोन दिवस ताप येतो, घसा दुखतो आणि ती बरी होतात. साधारण २०० मुलांपैकी एखाद्याच्याच मज्जारज्जूत विषाणू शिरतो आणि तिथल्या चेतापेशी मरतात.

दादाचे तीन प्रश्न

दादाने उलट टपाली काय विचारले असेल? पहिला प्रश्न बहुधा असा : तुझ्या पायाला मुंगी चावलेली कळते का?

कळते. स्पर्शाची व वेदनेची बातमी पायाकडून मेंदूकडे नेणाऱ्या पेशी निराळ्या असतात. त्या मज्जारज्जूच्या बाहेर, कण्यालगतच्या गाठींत असतात आणि पोलिओ त्यांना सहसा धक्का लावत नाही. म्हणजे पायाची पत्रे मेंदूला मिळतात, पण मेंदूचे उत्तर पायाला मिळत नाही. मुंगी चावलेली कळते, पाय मात्र झटकता येत नाही. बुद्धी तर पूर्ण शाबूत असते. पोलिओ झालेल्या मुलाचे अक्षर, गणित, स्मरणशक्ती यांत काही उणे नसते. कित्येक घरांनी अशी मुले शाळेत घातली नाहीत. हे नुकसान विषाणूने केले नाही, माणसांनी केले.

दुसरा प्रश्न : पाय बारीक का होत चालला?

स्नायूला स्वतःला रोग झालेला नसतो. परंतु संदेश येणे थांबले की तो काम करीत नाही, आणि काम न करणारा स्नायू वाळतो. लहान वयात हाडाची वाढही मंदावते, त्यामुळे तो पाय आखूड राहतो. एका बाजूचे स्नायू दुबळे व दुसऱ्या बाजूचे बळकट असले तर सांधा ओढला जाऊन वाकडा होतो. तो वाकू नये म्हणून पट्ट्या, बूट व आधाराचे साचे वापरतात.

तिसरा प्रश्न : पाय पुन्हा चालेल का?

मेलेली चेतापेशी पुन्हा उगवत नाही. पण शेजारची एखादी पेशी वाचलेली असेल तर तिच्या तंतूला नवे फाटे फुटतात आणि ती पोरक्या स्नायुतंतूंना जोडून घेते. एका गावचा पोस्टमन गेल्यावर शेजारच्या गावच्या पोस्टमनने दोन्ही गावे सांभाळावीत, तसेच हे आहे. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत बरीच ताकद परत येते व व्यायामाने ती वाढते. मात्र दुप्पट-तिप्पट काम करणारा हा पोस्टमन तीसचाळीस वर्षांनी थकतो. म्हणून लहानपणी पोलिओ झालेल्या काही जणांना उतारवयात नव्याने अशक्तपणा येतो.

जाता जाता एक महत्त्वाची गोष्ट. पोलिओच्या सुरुवातीच्या तापात स्नायूत सुई टोचली तर त्याच अवयवाला लकवा होण्याचा धोका वाढतो, हे १९५० च्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानात आले. साध्या तापासाठी सुईचा हट्ट धरू नये, याचे हेही एक कारण.

युद्धाने उघड केलेले गुपित

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन सैनिक इजिप्तमध्ये व हिंदुस्थानात येऊन राहिले आणि त्यांच्यात पोलिओचे रोगी आढळू लागले. नवल असे की, आजूबाजूच्या स्थानिक मोठ्या माणसांत हा रोग क्वचितच दिसे. मग विषाणू आला कुठून?

उत्तर असे निघाले की, विषाणू तिथे सगळीकडेच होता. स्थानिक लोकांना तो अगदी तान्हेपणीच गाठे. बहुतेकांना न कळत प्रतिकारशक्ती येई; थोडी बाळे मात्र पांगळी होत आणि त्यांची नोंद कुणी ठेवत नसे. स्वच्छ देशांत वाढलेल्या सैनिकांची विषाणूशी पूर्वी गाठच पडलेली नव्हती, म्हणून ते मोठेपणी आजारी पडले. आपल्या देशात पोलिओ फारसा नाही ही समजूत त्यामुळे चुकीची ठरली.

खुद्द अमेरिकेत युद्धकाळातच पोलिओच्या मोठ्या साथी आल्या. १९४४ साली नॉर्थ कॅरोलिनातील हिकरी या गावी अवघ्या ५४ तासांत तात्पुरते रुग्णालय उभारावे लागले. अशा रुग्णालयांत मुलांना वेगळे ठेवत. आईबाप आले तरी बहुधा काचेपलीकडूनच पाहायचे. त्यातच युद्धामुळे पेट्रोल व टायर मोजूनमापून मिळत. मग आजारी मुलाला घरचा आधार कशाचा? पत्रांचाच. भीतीपोटी लोक रोग्याची खेळणी व पुस्तके जाळून टाकीत. पण हा विषाणू कोरड्या कागदावर फार काळ टिकत नाही. त्याची खरी वाट न धुतलेल्या हातांची आणि घाण पाण्याची.

नाण्यांची पत्रे

त्या वेळचे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओचे निदान झाले होते. पायांत लोखंडी पट्ट्या घालून ते उभे राहत. अनेक मुले, त्यांत पोलिओने आजारी असलेलीही, त्यांना पत्रे लिहीत. जानेवारी १९३८ मध्ये पोलिओ-निधीसाठी प्रत्येकाने दहा सेंटचे एक नाणे पत्रातून अध्यक्षांकडे पाठवावे, असे आवाहन रेडिओवरून झाले. अध्यक्षांच्या निवासस्थानी एरवी दिवसाला सुमारे ५,००० पत्रे येत. आता लाखावर येऊ लागली. एकूण सुमारे २६ लाख ८० हजार नाणी जमली. ही मोहीम युद्धकाळातही दर वर्षी चालू राहिली.

रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी वारले. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या पैशातून जोनास साल्क यांची लस तयार झाली. ती परिणामकारक असल्याची घोषणा १२ एप्रिल १९५५ रोजी, बरोबर दहा वर्षांनी झाली. पुढे, युद्धात अमेरिकन सैन्यात काम केलेल्या अल्बर्ट सेबिन यांनी तोंडाने द्यायची लस काढली.

आपल्याकडे

महाराष्ट्रातही एका आईने असेच काम उभे केले. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारासाठी त्यांनी मद्रासचे अस्थितज्ज्ञ डॉ. किणी यांना गाठले. तिथे जे शिकायला मिळाले ते इतर मुलांनाही मिळावे म्हणून १९४७ साली त्यांनी मुंबईत उपचारकेंद्र काढले. त्यांच्याच प्रयत्नांतून हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५८ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

१९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. खामगावपासून लोणारपर्यंत शाळा, अंगणवाड्या, एस. टी. स्थानके यांवर थेंब पाजणारी केंद्रे लागली. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ-रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

युद्ध मात्र आजही या कामात आडवे येते. तरी १९८५ साली एल साल्वादोरमध्ये यादवी चालू असताना, मुलांना लस देता यावी म्हणून दोन्ही बाजूंनी तीन दिवस लढाई थांबवली. सप्टेंबर २०२४ मध्ये गाझातही त्यासाठी भागाभागांत लढाई थांबली आणि साडेपाच लाखांवर मुलांना थेंब मिळाले.

थेंब वेळेवर मिळाले तर मज्जारज्जूतली कचेरी शाबूत राहते. ज्यांना ते मिळाले नाहीत, अशी माणसे आज आपल्या गावांत पन्नाशी-साठीची आहेत. कुणी शिंपीकाम करतात, कुणी शिक्षक आहेत, कुणी दुकान चालवतात. त्यांच्याशी बोला, लहानपणी शाळेत कसे जात होतो, हे ते तुम्हांला सांगतील. आणि घरात किंवा शेजारी तान्हे बाळ असेल, तर त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर पोलिओच्या मात्रांची नोंद झाली आहे का, तेवढे आजच पाहून घ्या.