रोशाचें तेल आणि सुगंधी अंगमर्दन

पावसाळा सरत आला म्हणजे सातपुड्याच्या उतारांवर व साक्री-नंदुरबारकडील डोंगरांत पुरुषभर उंचीचें एक गवत तांबूस तुऱ्यांवर येतें. त्याचें पान बोटांत चुरडलें असतां गुलाबाचा, पण किंचित् लिंबाकडे झुकणारा असा वास सुटतो. हेंच रोशा गवत. यास कोठें कोठें तिखाडी असेंहि म्हणतात. वनस्पतिशास्त्रांत त्याचें नांव सिम्बोपोगॉन मार्टिनी असें आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९०–९२ च्या युद्धांत क्लॉड मार्टिन नांवाचा कंपनीच्या नोकरींतील फ्रेंच सरदार दक्षिणेंतील बालाघाटाच्या मुलखांत गेला असतां, गुरें हें गवत अधाशीपणें खातात आणि त्याचा वास त्यांच्या दुधालोण्यासहि लागतो, असें त्यास आढळून आलें. त्यानें बीं लखनौस नेऊन लाविलें, व पुढें डॉक्टर रॉक्सबर्ग यांनीं गवतास त्याचें नांव दिलें. आज सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था लखनौसच आहे, हा योगायोग मौजेचा खरा.

या गवताचें तेल काढून विकणारे शेतकरी आपल्याकडे आहेत. परंतु तें तेल स्वतःच्या घरीं वापरणारे फार थोडे. उलट शहरांत 'अरोमाथेरपी' या नांवाखालीं तेंच तेल एखाद्या गोड्या तेलांत थेंबभर मिसळून अंगास चोळतात आणि त्याबद्दल चांगली घसघशीत रक्कम घेतात. तेव्हां अशा मर्दनापासून खरोखर काय लाभ होतो, काय होत नाहीं, आणि तें घरीं कसें करावें, हें उत्पादकासच प्रथम ठाऊक असावें, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

रोशाचा धंदा खानदेशांत जुना आहे. सन १८८० च्या खानदेश गॅझेटियरांत पिंपळनेर भागांतील भट्ट्यांचें सविस्तर वर्णन सांपडतें. ओढ्याच्या कांठीं, जेथें सरपण व वाहतें पाणी दोन्ही जवळ, तेथें चर खणून त्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई बसवीत. तींत गवत ठांसून भरीत व पाणी घालून झांकण कणकेनें बंद करीत. झांकणाच्या भोंकांतून वेळूची नळी दुसऱ्या भांड्यांत सोडलेली असे, आणि तें भांडें वाहत्या पाण्यांत गळ्यापर्यंत बुडविलेलें. वाफ थंड होऊन पाणी व तेल एकत्र जमे, आणि वर तरंगणारें तेल हळूहळू काढून घेत. असें तेल चामडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर कोंडाईबारीच्या घाटानें सुरतेकडे जाई. पुढें मुंबईहून तें तांबड्या समुद्राच्या बंदरांवरून थेट इस्तंबूलपर्यंत पोंचे. तेथें उन्हांत ठेवून त्याचा उग्रपणा कमी करीत आणि बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरांत तें मिसळीत. कारण रोशांतील मुख्य घटक जिरॅनिऑल हा गुलाबाच्या अत्तरांतहि असतो. म्हणजे आपल्या डोंगरांतील गवतानें युरोपांतील कित्येक दिवाणखान्यांत गुलाबाचें सोंग घेतलें होतें! भेसळीचा हा इतिहास भूषणावह नसला, तरी त्यावरून तेलाचा दर्जा मात्र दिसून येतो.

या गवताच्या दोन जाती आहेत व त्यांचा घोळ आजहि होतो. 'मोतिया' जात मोकळ्या, निचऱ्याच्या, कोरड्या उतारावर सुट्या ठोंबांनीं वाढते. तिच्या तेलांत जिरॅनिऑलचें प्रमाण बहुधा शेंकडा ७५ हून अधिक असतें. 'सोफिया' जात सखल, ओलसर जागीं दाट माजते. तिच्या तेलांत जिरॅनिऑल पुष्कळच कमी, आणि वास सुंठ-जिऱ्याकडे जाणारा, कांहींसा उग्र. दोन्ही दिसावयास जवळजवळ सारख्या, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबूं नये. मर्दनासाठीं मोतियाचेंच तेल घ्यावें. रोपें किंवा बीं घेतांनाहि हा प्रश्न आधीं विचारावा, कारण एकदां सोफिया शेतांत शिरली म्हणजे पुढील चार-पांच वर्षें ती निस्तरावी लागते.

आतां मर्दनाविषयीं. तेल लावून अंग चोळण्याची चाल आपणांस नवी नाहीं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत अभ्यंग हा दिनचर्येचा भाग म्हणून सांगितला आहे. दिवाळीचें अभ्यंगस्नान, बाळंतिणीस तेल लावणें, तालमींतील पहिलवानांचें मर्दन हीं तर घरोघरची उदाहरणें होत. 'अरोमाथेरपी' हा शब्द मात्र अलीकडचा. लियाँ येथील रसायनज्ञ गात्फोसे यांनीं १९३७ सालीं त्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें मार्गरीत मोरी या बाईंनीं सुगंधी तेल पोटांत न देतां, तें गोड्या तेलांत विरल करून अंगास चोळण्याची पद्धत रूढ केली. आपला अभ्यंग आणि ही पद्धत यांत मुख्य फरक इतकाच कीं, आपण वनस्पति तेलांत कढवितों, आणि तेथें वनस्पतीचा अर्क थंड तेलांत थेंबांनीं घालतात.

याचा गुण कितपत? जाहिराती वाचल्या तर संधिवातापासून मधुमेहापर्यंत सर्व कांहीं बरें होतें असें वाटेल. अशा जाहिरातीवर विश्वास ठेवूं नये. चोळण्यानें कातडीखालील रक्त खेळतें, आंखडलेले स्नायू सैल पडतात, आणि स्पर्शाच्या संवेदनेनें दुखण्याची जाणीव कांहीं काळ मंदावते. हा लाभ बहुतांशीं हाताचा आहे, तेलाचा नव्हे. सुगंधाचा लाभ निराळा. नाकांतील गंधतंतू मेंदूच्या ज्या भागांशीं जोडलेले असतात, त्यांचा भावना व स्मरण यांच्याशीं निकट संबंध आहे, म्हणून आवडत्या वासानें मन निवतें व झोंप लवकर लागते. रुग्णालयांतून या पद्धतीचे जे प्रयोग झाले, त्यांत चिंता व वेदना थोडक्या काळापुरत्या कमी झाल्याचे दाखले मिळतात, पण असे प्रयोग बहुधा लहान आहेत. दीर्घकाळ टिकणारा गुण सिद्ध झालेला नाहीं. जिरॅनिऑल प्रयोगशाळेच्या बशींतील जंतु व बुरशी मारतें हें खरें, परंतु बशी म्हणजे गुडघा नव्हे. ऊंसतोड किंवा भाताची लावणी करून कंबर धरलेल्या माणसास संध्याकाळीं अर्धा तास आराम आणि रात्रीं शांत झोंप मिळाली, तर तेवढें मोल कमी नाहीं. त्याहून अधिक कबूल करून तेल विकणारा आपल्या मालाची पतच घालवितो.

कृति सोपी आहे, मात्र मापाकडे दुर्लक्ष करूं नये. रोशाचें तेल कधींहि निखालस अंगास लावूं नये. शंभर मिलिलिटर गोड्या तेलांत दोन मिलिलिटर, म्हणजे साधारण चाळीस थेंब, हें निरोगी व प्रौढ माणसासाठीं पुरेसें होय. वृद्धांसाठीं किंवा नाजूक कातडीसाठीं त्याच्या निम्मेंच घ्यावें. अधिक घातल्यानें अधिक गुण येतो ही समजूत चुकीची असून त्यापासून अपायच संभवतो. गोडें तेल घाण्याचें व ताजें असावें. थंडींत तिळाचें व उन्हाळ्यांत खोबरेल, हा आपला जुना विवेक येथेंहि योग्यच आहे. एका वेळेस पाठ, कंबर व पाय यांस पंधरा-वीस मिलिलिटर मिश्रण पुरतें. प्रथम तेंच मिश्रण कोपराच्या आंतील बाजूस थोडें लावून एक दिवस थांबावें. लाली, खाज किंवा पुरळ उठल्यास तें तेल त्या माणसासाठीं नव्हे असें समजावें. जिरॅनिऑलची कांहीं जणांस ॲलर्जी असते, आणि हवा लागून जुनें झालेलें तेल त्या बाबतींत अधिकच त्रासदायक ठरतें.

खोली उबदार व वाऱ्याच्या झोताविना असावी, आणि जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊं द्यावे. चोळणाऱ्यानें नखें कापलेलीं असावींत व तेल तळहातावर घेऊन कोमट करावें. प्रारंभीं संपूर्ण तळव्यानें हलके, लांब हात फिरवावेत. पायावरून मांडीकडे व मनगटावरून खांद्याकडे, म्हणजे सामान्यतः हृदयाच्या दिशेनें. अंग सैलावल्यावर कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर अंगठ्यांनीं सावकाश, गोलाकार दाब द्यावा. प्रत्यक्ष मणक्यावर कधींहि दाबूं नये. दुखावयास लागलें कीं दाब कमी करावा. 'दुखलें तरच गुण' हा तालमींतील वस्तादांचा मंत्र घरीं लागू नाहीं. वीस-पंचवीस मिनिटें पुरेत. शेवटीं पुनः हलके हात फिरवून, अंगावर पांघरूण घालून थोडा वेळ पडूं द्यावें, आणि मग ऊन पाण्यानें स्नान. न्हाणीची फरशी तेलानें निसरडी होते, तेव्हां म्हाताऱ्या माणसांस एकटें सोडूं नये. कंबर मोकळी करावयास जाऊन खुबा मोडावयाचा!

कांहीं प्रसंगीं मर्दन मुळींच करूं नये. ताप, ताजी जखम, मोडलेलें हाड, फुटलेलें गळूं किंवा कातडीवरील पुरळ असतां तेल-मर्दन वर्ज्य समजावें. एकाच पोटरीस अकस्मात् सूज येऊन ती गरम व दुखरी झाली असेल, तर तेथें रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. चोळल्यानें ती सुटून फुप्फुसांत जाऊं शकते. अशा माणसास चोळूं नये, तडक डॉक्टरांकडे न्यावें. गरोदर स्त्रियांनीं वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून सुगंधी तेलें वापरूं नयेत. तान्ह्या मुलांस साधें खोबरेलच लावावें, त्यांत रोशा, कापूर, निलगिरी यांपैकीं कांहींहि नको. हीं तेलें पोटांत घेण्याचीं नव्हेत. निलगिरीचें तेल थोडें जरी लहान मुलाच्या पोटांत गेलें, तरी झटके येऊन जिवावर बेतूं शकतें. म्हणून सर्व बाटल्या मुलांच्या हाताबाहेर असाव्यात.

तेल शुद्ध असेल तरच वरील सर्व लागू. रोशांत टर्पेंटाईन, घासलेट किंवा खोबरेल मिसळण्याची खोड फार जुनी आहे. थेंब कोऱ्या कागदावर टाकून ठेवावा; शुद्ध सुगंधी तेल सावकाश कां होईना पण उडून जातें, खाद्य तेलाचा मात्र डाग राहतो. खोबरेल मिसळलेलें असल्यास थंडींत तेल गढूळ होऊन गोठूं लागतें. याहून नेमकी परीक्षा म्हणजे शेंकडा ७० बळाच्या मद्यार्काची. चांगलें मोतिया तेल आपल्या तिप्पट मद्यार्कांत स्वच्छ विरतें. घासलेट, टर्पेंटाईन किंवा खाद्य तेल असेल तर दुधी गढूळपणा येतो. कारखान्यांत बनविलेलें जिरॅनिऑल घातलें असेल, तर या घरगुती युक्त्या उपयोगी पडत नाहींत. त्यासाठीं प्रयोगशाळेंतील गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. मोठ्या प्रमाणांत विकणाऱ्यानें प्रत्येक घाण्याचा नमुना तपासून घ्यावा.

लागवडीविषयीं थोडक्यांतच सांगतों. बीं अगदीं बारीक असल्यामुळें वाळूंत मिसळून मे-जूनमध्यें वाफ्यांत टाकावें आणि महिना-सवा महिन्याचीं रोपें पावसांत दीड ते दोन फुटांवर लावावींत. हलकी, निचऱ्याची जमीन चालते. पाणी सांचणारी चालत नाहीं. लखनौच्या संस्थेनें काढलेल्या 'तृष्णा' व 'तृप्ता' या सुधारलेल्या जाती आहेत. तुरे पूर्ण उमलल्यावर कापणी करावी व गवत सावलींत थोडें सुकवून ऊर्ध्वपातनास घालावें. शंभर किलो गवतामागें साधारणतः तीनशें ते पांचशें ग्रॅम तेल पडतें. यावरून भट्टी शेताजवळ असणें किती आवश्यक आहे तें ध्यानीं येईल, कारण गवत दूरवर वाहून नेण्याच्या भाड्यांतच नफा संपतो. या तेलाचे भाव चढउताराचे, आणि कारखान्यांतील स्वस्त जिरॅनिऑल सदैव स्पर्धेस उभें. तेव्हां भट्टीची सोय व गिऱ्हाईक निश्चित झाल्यावांचून, केवळ रोपें विकणाऱ्याच्या हिशोबावर भरंवसून, कोणींहि एकर-दोन एकर गुंतवूं नयेत. चार-पांच शेतकऱ्यांनीं मिळून, गंज न चढणाऱ्या पोलादाची एक वाफेची भट्टी घातल्यास खर्च वांटला जातो व तेलहि तांब्या-लोखंडाच्या डागांवांचून फिकट पिवळें निघतें.

निघालेलें तेल पाण्यापासून नीट वेगळें करून गाळावें, आणि ॲल्युमिनियमच्या किंवा गडद कांचेच्या भांड्यांत कांठोकांठ भरून थंड, अंधाऱ्या जागीं ठेवावें. प्लॅस्टिकच्या साध्या बाटल्या या तेलानें खराब होतात. मर्दनासाठीं गोड्या तेलांत केलेलें मिश्रण मात्र दोन-तीन महिन्यांत संपेल एवढेंच करावें, व बाटलीवर केल्याची तारीख लिहून ठेवावी.