जेवणाचे बिल दहा जणांत कसे भागवावे?

या पानावर मी एरवी खते, बियाणे आणि कीड-रोगांबद्दल लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे, आणि त्यात चूक माझीच आहे.

2024 च्या डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला भरलेले कृषी प्रदर्शन पाहायला आमच्या भागातील नऊ शेतकरी आणि मी, असे दहा जण जीप करून गेलो होतो. गाडीभाडे सर्वांनी निघण्यापूर्वीच सारखे काढले होते. परतताना रस्त्यावरच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात जेवायला बसलो. चालकाला हॉटेलवाल्याने आपल्या पदरचे जेवण वेगळे वाढले. सहा जणांनी मटण थाळी घेतली, त्यांत मीही होतो. तिघांनी शाकाहारी थाळी मागवली. राहिले तात्या. दीड एकर कोरडवाहू जमिनीचा माणूस. गुरुवारचा उपवास म्हणून त्यांनी साबुदाण्याची खिचडी आणि ताक घेतले.

बिल बडीशेपेच्या ताटलीतून आले. मी आकडा पाहिला आणि मोठ्याने म्हणालो, "तीनशे दहा काढा प्रत्येकी." सर्वांनी काढले. तात्यांनीही काढले. उरलेले पन्नास रुपये ताटलीत टाकून आम्ही उठलो.

जानेवारीत राहुरीच्या कृषी विद्यापीठात जायचे ठरले, तेव्हा तात्या म्हणाले, "हरभऱ्याचं काम हाय, तुम्ही जाऊन या." पुढे घाटेअळीसाठी कामगंध सापळे दाखवायला त्यांच्या शेतावर गेलो असता वहिनींनी चहा देता देता विषय काढला. "साहेब, ह्यांनी ऐंशी रुपयांची खिचडी खाल्ली आन् तीनशे दहा देऊन आले. माझी दिवसभराची खुरपणी गेली की त्यात." तात्या त्यांच्यावर रागावले. "अन्नाचा हिशेब काढत्यात व्हय?" असे म्हणाले आणि सापळ्याची दोरी आवळू लागले.

घरी येऊन मी ते बिल शोधले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मटण थाळ्या सहा, दर 320, म्हणजे 1920. साध्या थाळ्या तीन, दर 180, म्हणजे 540. खिचडी-ताक 80. पाण्याच्या पाच बाटल्या 100. एकूण 2640 रुपये. त्याखाली सेवा आकार शेकडा 10 प्रमाणे 264, आणि या सर्वांवर शेकडा 5 जीएसटी, 145 रुपये 20 पैसे. सगळे मिळून 3049 रुपये 20 पैसे.

म्हणजे सेवा आकार भरून झाल्यावर मी वर ताटलीतही पैसे टाकले होते. टीप दोनदा गेली! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलला सेवा आकार आपोआप बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा असा आकार दिसला तर "एवढा काढून टाका" असे शांतपणे सांगावे. न ऐकल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटी मात्र सरकारचा आहे, तो द्यावाच लागतो. पण बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक आहे ना, हे पाहावे; महाराष्ट्रातला क्रमांक 27 ने सुरू होतो. बारक्या खानावळी बहुधा नोंदणीच्या मर्यादेखाली असतात, आणि कंपोझिशन योजनेतील हॉटेलला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही.

आता वाटणी. सामाईक विहिरीत ज्याचा सहा आणे हिस्सा आहे आणि ज्याचा दोन आणे, ते दोघे पंपाचे वीजबिल सारखे भरतात का? आपल्या आजोबांनाही हे कळत होते. हॉटेलात बसलो की मात्र आपण भिडेखातर गप्प बसतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

रीत अशी. ज्याने जे ताट घेतले त्याचा दर त्याच्या नावावर. सर्वांनी मिळून घेतलेली वस्तू, जसे पाणी, माणशी. भजी मागवली तर खाणाऱ्यांतच वाटावी, उपवासवाल्यावर नाही. आमच्या बिलात पाणी माणशी 10 पडले. म्हणजे मटणवाले 330, साधी थाळीवाले 190, तात्या 90. यावर ज्याच्या त्याच्या आकड्यावर शंभराला पाच कर धरा : 346.50, 199.50 आणि 94.50. सगळ्यांची बेरीज 2772 येते, आणि सेवा आकार वगळला की मूळ बिलही नेमके तेवढेच होते. वर टिपेसाठी थोडे चढवून 360, 210 आणि 105 घेतले असते तरी वेटरसाठी 123 रुपये उरले असते. तात्यांचे दोनशे पाच रुपये वाचले असते, आणि आम्हा मटणवाल्यांना पन्नासच रुपये जास्त पडले असते. एवढ्या पन्नास रुपयांसाठी मी एक माणूस सहलीतून घालवला.

टीप किती द्यावी, याला कायदा नाही. साध्या हॉटेलात शंभराला पाच ते दहा पुष्कळ झाले, असे माझे मत. ती रोख, वाढणाऱ्या मुलाच्या हातात द्यावी. तो पोरगाही बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या कोरडवाहू गावचा असतो.

शहरातली मुले याला 'टीटीएमएम' म्हणतात, तुझे तू माझे मी. आपल्याकडे ते कद्रूपणाचे वाटते, आणि तात्यांचे म्हणणेही खोटे नाही. जेवण झाल्यावर ताटाकडे बोट दाखवणे वाईटच दिसते. म्हणून बोलायचे ते बसण्याआधी, आणि तेही सोबत नेणाऱ्याने. कमी पैशाचा माणूस स्वतः कधीच बोलणार नाही. एकाने सर्व बिल मोबाइलवरून भरून मागाहून वसूल करायचे असेल, तरी दर आधीच ठरलेले बरे.

राहुरीला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा तात्यांकडे गेलो. "जेवण ज्याचे त्याचे, हे सर्वांना सांगितले आहे," असे म्हणालो. ते काही बोलले नाहीत. सकाळी सहाला जीप फाट्यावर आली, तेव्हा धडुत्यात भाकरी बांधून तात्या आधीच उभे होते. त्या भाकऱ्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या.