पडीकातून कुरण (लेखांक ५) : घाणेरी कोयत्याने मरत नाही

शनिवारी सकाळी स्वारगेटच्या स्टँडवर भोर-वेल्ह्याची एसटी धरणाऱ्यांत गावच्या जमिनीवर चक्कर मारायला निघालेले पुणेकर असतातच. वरकस जमीन, कसणारं कोणी उरलेलं नाही, आणि आता तिथं चार गाई पाळायचा बेत. पण बांधावरून आत पाऊल टाकता येत नाही, इतकी घाणेरी माजलेली. कुणाकडे तिला टणटणी म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली, तिथून देशभर फोफावली.

विलायतेत ब्लॅकबेरीची काटेरी जाळी शेळ्या सोडून साफ करतात. तो प्रयोग घाणेरीवर करू नका. तिच्या पानांतलं विष यकृतावर जातं. जनावर रवंथ थांबवतं, डोळे पिवळे पडतात, आणि उन्हात उभं राहिलं की नाकपुडीची, पांढऱ्या कातडीची सालटी निघतात. असं दिसलं तर जनावर सावलीत बांधून लगेच पशुवैद्यकाला बोलवा. पान वाळल्यावरही विष जात नाही, म्हणून तोडलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत.

मजुरांना रोज देऊन कोयत्याने रान सपाट केलं की फोटो छान येतो. पाऊस पडला की त्याच बुडख्यातून दहा फुटवे. जाळल्यानेही बुडखा मरत नाही. मरतं ते आधीच कमी असलेलं गवत. खोड आणि मूळ जिथं जुळतं, तिथंच फुटव्याचे डोळे असतात. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात वापरलेली पद्धत याच जागेवर घाव घालते : जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उपसायचं आणि मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवायचं. मातीशी संबंध तुटला की ते वाळतं. पहिल्या पावसांनी जमीन मऊ झाली की टिकावाने हे काम भराभर होतं. फळं काळी व्हायच्या आत उरका, नाहीतर बुलबुल बी पसरवणारच.

उतारावर एका दमात सगळं उघडं करू नका, माती ओढ्याला जाईल. आडवे पट्टे घ्या. आणि करवंदीला हात लावू नका! काटे आहेत म्हणून मजूर तिलाही काढतात, पण ती इथलीच आहे आणि तिच्या जाळीत झाडांची रोपं जनावरांपासून वाचतात. काढलेल्या घाणेरीच्या काठ्यांचं काय, तर कर्नाटकात मलै महदेश्वर डोंगरातले सोलिगा कारागीर त्यांचं फर्निचर बनवतात. आपल्याकडे निदान कुंपणाला तरी वापराव्यात.

मोकळ्या झालेल्या पट्ट्यात त्याच पावसात मारवेल गवताचे ठोंब लावायचे. जागा रिकामी ठेवली तर घाणेरीचं बी ती भरून काढतं. पहिल्या वर्षी जनावरं आत सोडायची नाहीत. गवताचं बी पडल्यावर विळ्याने कापून चारा घरी न्यायचा. पाऊस ओसरला की एक फेरी मारून घाणेरीची कोवळी रोपं हाताने उपटायची. ती सगळ्यात जास्त सापडतात झाडांखाली, कारण पक्षी तिथंच बसतात. ही फेरी पुढची दोन-तीन वर्षं चुकवायची नाही, मजुरीचा हिशेब करताना तीही धरा.

मारवेलबरोबर स्टायलो हा चारा कधी आणि किती पेरायचा, ते पुढच्या आठवड्यात.