ध्वनीवरून उगमाकडे : व्यस्त पद्धतींविषयी

चालत्या यंत्राच्या पृष्ठभागावर मापक बसविणे शक्य नसते, तेव्हा बाहेर नोंदलेल्या ध्वनीवरून त्याच्या कंपनांचे अनुमान करावे लागते. परिणामाकडून कारणाकडे जाणारी ही व्यस्त पद्धत होय. पृष्ठभागालगतचे सूक्ष्म तरंग अल्प अंतरातच क्षीण होतात. त्यांची पुनर्रचना करताना मापनातील क्षुल्लक त्रुटीही अतोनात फुगते. तिखोनोव्ह यांनी १९६३ मध्ये मांडलेली नियमन-पद्धती तिला आवर घालते, मात्र उत्तर कसे असावे याविषयीचे एक गृहीतक आधीच स्वीकारून. (प्रभाव-अभ्यासात आपणही ते स्वीकारतो, बहुधा नकळत.) शिवाय मापन निर्दोष असले तरी उत्तर एकमेव असेलच असे नाही. ढोलाच्या नादावरून त्याचा आकार ओळखता येईल काय, असे मार्क काट्स यांनी १९६६ मध्ये विचारले होते. १९९२ मध्ये गॉर्डन, वेब व वोल्पर्ट यांनी सर्व कंप्रता समान असलेले दोन भिन्न आकार रचून दाखविले.