रांगेत उभं राहून चर्च दिसत नाही

2024 च्या डिसेंबरात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शन सोहळ्याच्या बातम्या पाठ झाल्या होत्या. दहा वर्षांनी आलेला योग, 5 जानेवारी 2025 पर्यंत मुदत, ओल्ड गोव्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. त्यातच 7 डिसेंबरला पॅरिसचं नोत्र दाम पाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर उघडलं आणि त्याच्या उजळलेल्या कमानी आपल्याही फोनवर येऊन पडल्या. सुपे, मोरगाव, बारामती या पट्ट्यातून नाताळच्या सुट्टीत गोव्याला गाड्या भरून जातात. चर्चमध्ये पाऊल ठेवताना आपला माणूस जरा बिचकतो. खरं तर सुपेकरांना बिचकायचं कारण नाही. सुप्याच्या शहामन्सूर बाबांच्या दर्ग्यात कुणी कुणाला जात विचारून आत सोडत नाही, आणि मोरगावच्या गणपतीच्या देवळाला तर चारी कोपऱ्यांत मिनार आहेत. दुसऱ्याच्या देवाघरी वावरायची सवय या मातीला जुनीच आहे. अडचण वेगळी आहे : आत गेल्यावर बघायचं काय, हे कुणी सांगत नाही.

त्या सोहळ्यात गंमत अशी की, संताचे अवशेष दर्शनासाठी समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेले होते. रांग तिकडे होती, आणि बघण्यासारखं बरंचसं इकडे, बॉम जेझूस बॅसिलिकात. तुस्कानीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराकडून करवून घेतलेलं संगमरवरी स्मारक 1698 मध्ये इथे उभं राहिलं. गाईड मंडळी फ्लॉरेन्सचं नाव घेऊन भरभरून बोलतात. पण त्या स्मारकाच्या माथ्यावर असते ती चांदीची पेटी आणखी सहा दशकांनी जुनी आहे, आणि ती घडवली गोव्याच्याच कारागिरांनी, 1636-37 मध्ये. संताच्या आयुष्यातले 32 प्रसंग चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेत. ठेवलीय मात्र इतकी उंचावर की, खालून एकही प्रसंग धड लागत नाही. जाताना दुर्बीण न्या. लोक हसतील, हसू द्या.

मग मुख्य वेदीसमोर या आणि मान हळूहळू वर न्या. खाली बाळ येशू, त्याच्यावर संत इग्नेशियस लोयोलाचा भव्य पुतळा. तो आपल्याकडे बघतच नाही. त्याची नजर वर, येशूच्या नावाची अक्षरं कोरलेल्या सूर्यबिंबाकडे, आणि त्याच्याही वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य. देवळात आपण सभामंडपातून गाभाऱ्याकडे आत आत सरकतो. इथे तोच प्रवास डोळ्यांनी उभा करायचा असतो. एवढं कळलं तरी सोन्याच्या मुलाम्याचा तो झगमगाट गोंगाट वाटेनासा होतो. बाजूचं लाकडी पुल्पिट चुकवू नका. पाद्री प्रवचनाला उभा राहतो त्या कठड्याखाली सात आकृत्यांनी भार पेललाय. आपल्या देवळांच्या खांबांवरचे कीचक ज्यांनी पाहिलेत त्यांना ओळख पटेल.

बाहेर पडल्यावर जो लाल दगडी चेहरा सगळ्यांच्या सेल्फीत असतो, तो मूळचा नव्हे. 1950 च्या सुमारास एका पोर्तुगीज तज्ज्ञाने ‘जुनेपणा’ दिसावा म्हणून चुन्याचा गिलावा उतरवला. तेव्हापासून उघडा जांभा दर पावसाळा अंगावर घेतोय. असले तज्ज्ञ आपल्याकडेही आहेत. हेमाडपंती देवळांना ऑइलपेंट फासतात.

पण गोव्याच्या ख्रिस्ती कलेत माझं मन खरं गुंतलंय ते आंजेलो द फोन्सेका या चित्रकारात. जन्म 1902, गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावरचा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून हा माणूस गोव्यात परतला आणि त्याने मेरीला साडी नेसवली, रंग गव्हाळ दिला. गोव्यातल्या पाद्र्यांना ते सोसलं नाही. मेरी म्हणजे युरोपातली गोरी, निळ्या झग्यातली! पॅलेस्टाइनची ज्यू मुलगी इटलीतल्या बाईसारखी दिसलेली चालते, पण कोकणातल्या बाईसारखी दिसली की धर्म बुडतो, हे तर्कट मला आजही उलगडलेलं नाही.

फोन्सेकांना आसरा दिला पुण्याने. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात ते राहिले, रंगवत राहिले, आणि 1967 मध्ये पुण्यातच वारले. हा संघ जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये नगरला काढला, त्यामागे रेव्हरंड ना. वा. टिळकांची प्रेरणा होती. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं. फोन्सेकांनी तेच रंगात केलं. कागदावर पातळ रंग द्यायचा, कागद पाण्यात भिजवायचा, वाळला की पुन्हा रंग, पुन्हा पाणी, अशी ही वॉश पद्धत. त्यामुळे कडा विरघळतात, आणि चेहरा धुक्यातून पुढे आल्यासारखा वाटतो. फोन्सेकांची मेरी रडून-भेकून लक्ष वेधत नाही. ती घरातल्या एखाद्या मोठ्या सुनेसारखी गप्प, कामात असते. युरोपच्या नामांकित मॅडोनांचे फोटो मी पुष्कळ पाहिलेत. त्यातल्या फार थोड्या मला इतक्या आपल्या वाटल्या.

त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे. ज्या गोव्याने नाक मुरडलं, तिथेच. पणजीपासून ते चार पावलांवर. आधी फोन करून जावं.

येताना साताऱ्याहून लोणंद, नीरा, मोरगाव असं सुप्याला परतणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून वाईजवळच्या मेणवलीला उतरावं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत वाटल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकराला 1721 सालची आहे. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर 1707 हे साल आणि बाळाला घेतलेली मेरी उठावात कोरलीय. ड्रायव्हरला मात्र निघण्याआधीच सांगून ठेवा. कंदी पेढ्यांसाठी तो साताऱ्यात अर्धा तास थांबेल, घंटेसाठी पाच मिनिटंही थांबायचा नाही.