दारात माड लावायचाय? आधी जागा पाहा

पावसाळा लागला की आपल्या मीरा-भाईंदरमध्ये वस्त्यांतून, सोसायट्यांतून, विहारांच्या आवारातून झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात. पाहुणे येतात, फोटो निघतात, चहा होतो. त्यात नारळाचे एखादे रोप हमखास असते. पुढच्या मे महिन्यात त्या जागी जाऊन पाहावे, तर पुष्कळदा वाळका बुडखा तेवढा उभा असतो. दोष नारळाचा नाही. पहिली दोन वर्षे त्याच्याकडे पाहायला कोणी नसते, एवढेच.

आंबा-जांभळाचा शेंडा मोडला तरी बाजूने फुटवा येतो. माडाचे तसे नाही. त्याला वाढायला एकच कोंब. तो कुजला किंवा भुंग्याने पोखरला की सगळे झाड गेले. दुसरे म्हणजे माडाचे खोड नंतर जाड होत नाही. सुरुवातीला बुंधा जेवढा भरेल त्यावरच पुढचा सगळा डोलारा उभा राहतो. लहानपणी उपाशी ठेवलेला माड मोठेपणी कितीही खत घातले तरी धड भरत नाही.

आता जागा. दोन माडांत साडेसात मीटर, म्हणजे सुमारे 25 फूट अंतर लागते. एकच लावायचा असला तरी झावळ्यांना चहूबाजूंनी मोकळीक आणि डोक्यावर भरपूर ऊन हवे. माडाला सोटमूळ नसते, बारीक मुळांचा झुबका असतो. त्यामुळे घराचा पाया उखडेल ही भीती फारशी खरी नाही. खरी भीती वरून पडणाऱ्या नारळाची आणि झावळीची आहे. पत्र्याच्या छपरावर, मुलांच्या खेळण्याच्या जागेवर किंवा विजेच्या तारेखाली माड नकोच. शिवाय शहरात झाड लावायला कोणी अडवत नाही, पण तोडायचे झाले की 1975 च्या महाराष्ट्र झाडांच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. चुकीच्या जागी लावलेला माड पुढे तीस-चाळीस वर्षे शेजाऱ्यांशी भांडण लावून देतो. जागा आपल्या नावावर नसेल, तर जिच्या नावावर आहे तिची, संस्थेची असेल तर संस्थेची लेखी संमती आधी घ्यावी. आपली माणसे नेमकी इथेच संकोच करतात.

उत्तन, डोंगरीकडच्या किनाऱ्यावर माड सुखाने वाढतात म्हणून भाईंदर पूर्वेला किंवा मीरा रोडलाही तसेच वाढतील असे समजू नये. इकडे बऱ्याच इमारती मिठागरांच्या आणि खाजणाच्या जमिनीवर भराव घालून उभ्या राहिल्या. माडाला थोडा खारेपणा चालतो; तुंबलेले पाणी चालत नाही. म्हणून आधी हातभर खणून पाहावे. विटांचे तुकडे, सिमेंट, प्लास्टिक लागले तर ते सगळे काढून बाहेरची चांगली माती घालावी. पावसाळ्यात जिथे पाणी साचते तिथे जूनमध्ये लावण्यापेक्षा जोराचा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरमध्ये, मातीचा उंचवटा करून लावावे. कार्यक्रम जूनचा असला म्हणून रोपानेही जून गाठलाच पाहिजे असे थोडेच आहे!

रोप कसे असावे? नऊ ते बारा महिन्यांचे, पाच-सहा पानांचे, बुंध्याशी आखूड आणि जाड. उंच, सडपातळ रोप डोळ्यांना छान दिसते, पण घेऊ नये. आपल्या किनाऱ्यावरची बाणवली ही उंच जात सहा-सात वर्षांनी फळते आणि पुढे दोन पिढ्यांना पुरते. ठेंगू जाती तीन-चार वर्षांत फळतात, काढणीला सोप्या पडतात, पण त्यांचे आयुष्य कमी आणि निगा जास्त. उंच जातीत परपरागीकरण होते, म्हणून कुठल्याही नारळाला कोंब आला की तो आईसारखाच फळेल याची खात्री नसते. फसगत कळायलाही सात वर्षे लागतात! तेव्हा रोपाच्या पैशात काटकसर नको. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे. आपल्याला जवळचे म्हणजे पालघरजवळचे नारळ विकास मंडळाचे प्रक्षेत्र. तिथे आधी चौकशी करावी.

खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल. तळाशी नारळाची सोडणे अंथरावीत, ती ओल धरून ठेवतात. वर चांगली माती, चार-पाच घमेली कुजलेले शेणखत आणि दीड किलो सुपर फॉस्फेट मिसळून भरावे. रोपाचा नारळ जेमतेम झाकेल एवढीच माती चढवावी. कोंबाच्या बेचक्यात माती गेली तर कुजण्याची भीती. लगेच काठीचा आधार द्यावा.

पहिले दोन उन्हाळे कसोटीचे. दर चार दिवसांनी 45 लिटर, म्हणजे तीन बादल्या पाणी आणि दुपारच्या उन्हाला झावळ्यांची सावली. नळाला पाणी कमी तिथे कपडे खंगाळलेले शेवटचे पाणी चालेल. साबणाचे दाट पाणी नको. पाच-सहा घरांनी वार वाटून घेतले तर एकट्या बाईवर भार पडत नाही. हे काम नेहमी बायकांच्याच गळ्यात का पडते, हाही प्रश्न आहेच.

खताचा हिशेब सरळ आहे. पाच वर्षांच्या माडाला वर्षाला 50 किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. पहिल्या वर्षी त्याचा पाचवा हिस्सा, दुसऱ्या वर्षी दोन हिस्से, असे वाढवत न्यावे. युरिया आणि पोटॅश जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत द्यावे.

गेंड्या भुंगा हा मोठा शत्रू. नवे पान उलगडल्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी दिसले तर तो आला असे समजावे. तारेच्या आकड्याने त्याला ओढून मारावा आणि वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू मिसळून भरावी. तो शेणाच्या आणि कुजक्या कचऱ्याच्या ढिगात वाढतो, म्हणून खताचा ढीग माडाजवळ ठेवू नये.

सहाव्या-सातव्या वर्षी पहिली पोय बाहेर पडते आणि सुपारीएवढी फळे भराभर गळतात. घाबरून कुणाचा अंगारा-धुपारा करू नये. पहिल्या एक-दोन पोयींचे असे व्हायचेच. पाणी आणि पोटॅश चालू ठेवावे.